गोव्यातील मिश्र विधिपद्धती

भिन्न विधिपरंपरांची तत्त्वे एकाच प्रदेशात एकत्र लागू असल्यास त्या व्यवस्थेस मिश्र विधिपद्धती म्हणतात. अशी पद्धती बहुधा सत्तांतरातून उद्‌भवते. दक्षिण आफ्रिका व श्रीलंका येथे रोमन-डच विधीवर इंग्लिश विधीचा थर चढला. भारतात गोवा हे तिचे ठळक उदाहरण होय.

रोमन विधी व फ्रेंच नागरी संहिता (१८०४) यांचा ठसा असलेली पोर्तुगालची १८६७ ची नागरी संहिता १ जुलै १८७० पासून गोव्यात अंमलात आली. तथापि स्थानिक रूढींचा तिने लोप केला नाही. १८८० च्या आदेशान्वये हिंदूंचे एकत्र कुटुंब मान्य झाले. तसेच पत्नीस वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत अपत्य न झाल्यास, तिच्या संमतीने, पतीस दुसऱ्या विवाहाची मुभा राहिली. पुढे कॅथलिकांच्या चर्चमधील विवाहासही नागरी विधीत स्थान मिळाले.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. १९६२ च्या प्रशासन अधिनियमाने, सक्षम विधिमंडळ बदल वा निरसन करीपर्यंत, पूर्वीचे कायदे चालू ठेवले. गुन्हे, संविदा व न्यायालयीन प्रक्रिया यांविषयीचे, इंग्लिश परंपरेतून घडलेले भारतीय कायदे क्रमाक्रमाने लागू झाले. विवाह व वारसा हे विषय मात्र जुन्या संहितेकडेच राहिले. खुद्द पोर्तुगालमध्ये १९६७ साली नवी संहिता अंमलात आली, तरी गोव्यात जुनीच टिकली. वारसाविषयक तरतुदी पुढे २०१२ च्या राज्य अधिनियमात समाविष्ट झाल्या.

या विधीनुसार विवाहपूर्व करार नसल्यास पतिपत्नींची मालमत्ता समाईक होते. त्यामुळे विधवेस निम्मा वाटा वारस म्हणून नव्हे, तर सहमालक म्हणून मिळतो. तसेच मुलगा-मुलगी असा भेद न करता अपत्यांसाठी निम्मी मालमत्ता राखीव असते; मृत्युपत्राने ती अन्यत्र देता येत नाही.

गोव्यात लागू असलेली ही संहिता परकीय नसून भारतीय कायदाच आहे व गोव्यात अधिवास असलेल्यांच्या भारतातील अन्यत्रच्या मालमत्तेच्या वारसासही ती लागू होते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये दिला.

संविधानाच्या ४४ व्या अनुच्छेदातील समान नागरी संहितेच्या चर्चेत गोव्याचा आदर्श म्हणून उल्लेख होतो. मालमत्तेच्या बाबतीत तो बव्हंशी सार्थ आहे. परंतु विवाहाच्या बाबतीत ही व्यवस्था धर्मपरत्वे अपवाद राखूनच उभी राहिली, हेही ध्यानात घेणे आवश्यक ठरते.