दंतमूलनलिकांतील लुकणे

दंतमूलनलिकांतील लुकणे : (सीलर). दातातील सडलेला मगज काढून मुळातील नलिका स्वच्छ केल्यावर ती एखाद्या घन पदार्थाने भरतात. हा पदार्थ व नलिकेची भिंत यांमधील फट बुजविण्यासाठी वापरण्यात येणाऱ्या, कालांतराने घट्ट होणाऱ्या मिश्रणांना लुकणे म्हणतात. लुकणाचा थर केसाहूनही पातळ असतो. तथापि भरणाचा टिकाऊपणा बव्हंशी त्यावरच अवलंबून असल्यामुळे त्याच्या गुणधर्मांविषयी दंतवैद्यकात दीर्घकाळ वाद चालू राहिला.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी फिलाडेल्फिया येथील एडवर्ड हडसन नलिका सोन्याच्या वर्खाने भरीत. पुढे मलायातील वृक्षांच्या चिकापासून मिळणारा गटापर्चा प्रचारात आला. सेंट लूइस येथील जी. ए. बोमन यांनी १८६७ मध्ये नलिका भरण्यासाठी त्याचा उपयोग केला. गटापर्चा ऊतकांना सहसा अपाय करीत नाही व गरज पडल्यास काढता येतो. परंतु तो दाताच्या भिंतीला चिकटत नाही. लुकणाची गरज निर्माण झाली ती या एका उणिवेमुळे.

या उणिवेची मोठी किंमत रुग्णांना मोजावी लागली. १९१० मध्ये विल्यम हंटर या ब्रिटिश वैद्यांनी माँट्रिऑल येथील व्याख्यानात मुखातील पूतीला अनेक शारीरिक विकारांचे कारण ठरविले. त्यानंतर दूरस्थ संसर्गाच्या कल्पनेचा एवढा प्रभाव पडला की, मगज मृत झालेले व वाचविण्याजोगे असंख्य दात उपटण्यात आले. नलिका खात्रीने बंद करता येते, हे दाखविणे हा त्यामुळे या उपचाराच्या अस्तित्वाचाच प्रश्न बनला. यू. जी. रिकर्ट व सी. एम. डिक्सन यांनी १९३१ मध्ये प्राण्यांच्या शरीरात बसविलेल्या पोकळ नळ्यांच्या तोंडाशी दाह आढळल्याचे नमूद केले आणि रिकामी जागा हेच दाहाचे कारण मानले. रिकर्ट यांच्या लुकणात जस्त ऑक्साइड व लवंग तेलातील युजेनॉल यांबरोबर चांदीची पूड होती. चांदीमुळे भरण क्ष-किरण चित्रात स्पष्ट दिसे, पण दात काळवंडत असे. लूइस ग्रॉसमन यांनी १९५८ मध्ये चांदीऐवजी बेरियम व बिस्मथ यांची लवणे घालून हा दोष दूर केला.

ग्रॉसमन यांनी आदर्श लुकणाच्या अपेक्षांची यादीही केली. ती वरवर निर्विवाद वाटते. पण तिच्यातील अपेक्षा एकमेकींना छेद देतात. लुकण जंतुरोधक असावे, तरी जिवंत ऊतकास अपायकारक नसावे; शरीरद्रवात विरघळू नये, पण नलिका पुन्हा उघडावयाची झाल्यास एखाद्या विद्रावकात विरघळावे. जस्त-युजेनॉल लुकणाचे जंतुरोधकत्व सुटणाऱ्या युजेनॉलामुळे असते. तेच युजेनॉल ऊतकास झोंबते, आणि ते सुटत असताना लुकणही झिजते.

आंड्रे श्रोडर यांनी स्वित्झर्लंडमध्ये १९५० नंतरच्या दशकात एपॉक्सी रेझिनाचे लुकण प्रचारात आणले. ते भिंतीला चांगले चिकटते व फारच थोडे विरघळते. मात्र त्याच्या आरंभीच्या प्रकारातून घट्ट होताना फॉर्माल्डिहाइड सुटे. नंतरच्या प्रकारात हा दोष बव्हंशी दूर झाला. पॅराफॉर्माल्डिहाइड व शिशाची संयुगे मिसळलेले आंजेलो सार्जेंटी यांचे मिश्रण याहून घातक होते. ते मुळाच्या टोकाबाहेर गेल्यास खालच्या जबड्यातील तंत्रिकेला इजा होऊन ओठ कायमचा बधिर झाल्याची उदाहरणे आहेत. १९८० नंतर कॅल्शियम हायड्रॉक्साइडयुक्त लुकणे आली. त्यांचा क्षारीय गुण मुळाच्या टोकाशी कठीण ऊतक बनण्यास पोषक मानला गेला. पण हा गुण प्रकट होण्यास आयन बाहेर पडावे लागतात, म्हणजेच लुकण काही अंशी विरघळावे लागते.

दरम्यान पोकळ नळीची उपपत्ती डळमळीत झाली. १९६५ मध्ये काकेहाशी व सहकारी यांनी जंतुविरहित उंदरांचा मगज उघडा ठेवला असता तो सडला नाही, आणि सी. डी. टॉर्नेक यांना उंदरांत बसविलेल्या निर्जंतुक रिकाम्या नळ्यांभोवती ऊतक बरे झालेले आढळले. दोषी जंतू ठरले, पोकळी नव्हे. तरीही लुकण अनावश्यक ठरले नाही. उरलेल्या जंतूंना कोंडणे व नव्यांना रोखणे हे त्याचे कार्य ठरले.

आंतरराष्ट्रीय मानक ६८७६ (२०१२) अनुसार ठराविक भाराखाली लुकणाची चकती किमान १७ मिमी. पसरावी, थराची जाडी ५० मायक्रोमीटरपेक्षा अधिक नसावी, विद्राव्यता वजनाच्या ३ टक्क्यांहून जास्त नसावी व क्ष-किरण-अपारदर्शकता किमान ३ मिमी. ॲल्युमिनियमाइतकी असावी. या कसोट्यांनी लुकणांची तुलना सोपी झाली. मात्र प्रयोगशाळेत सरस ठरलेले लुकण रुग्णाच्या दातातही सरस ठरेलच, असे त्यांवरून म्हणता येत नाही. २००४ च्या सुमारास आलेली, नलिका एकसंध करू पाहणारी रेझिलॉन ही प्रणाली आरंभी वाखाणली गेली. परंतु पुढे तिच्यातील पॉलिएस्टराचे विघटन होते असे दिसून आले व तिचा वापर थांबला.

माहमूद तोराबिनेजाद यांनी कॅलिफोर्नियात १९९३ च्या सुमारास पोर्टलंड सिमेंटसदृश मिश्रण दंतवैद्यकात आणले. त्याच मार्गाने निघालेली कॅल्शियम सिलिकेटाची लुकणे ओलाव्यावरच घट्ट होतात, क्षारीय असतात व ऊतकास मानवतात. घट्ट झाल्यावर मात्र ती सहज विरघळविणारा विद्रावक नाही. त्यामुळे फसलेले भरण काढून नलिका मुळाच्या टोकापर्यंत पुन्हा मोकळी करणे काही वेळा अवघड जाते.