वाडा आणि हवेली



‘वाडा’ आणि ‘हवेली’ या शब्दांचा अर्थ विचारला, तर बहुतेक जण सांगतील कीं दोन्ही एकच. श्रीमंताचें मोठें घर. बोलण्यापुरतें हें उत्तर चालतें. पण जुना कागद हातीं आला म्हणजे तेवढ्यानें भागत नाहीं. ‘हवेली’ हा शब्द दिसतांच तेथें कोणा सरदाराचें चौसोपी घर कल्पिलें, तर पुष्कळ गांवांच्या मुलखाचें आपण एक घर करून टाकतों.

प्रथम वाडा घेऊं. संस्कृतांत ‘वाट’ म्हणजे कुंपण, किंवा कुंपणानें वेढलेली जागा. त्याच कुळांतले आपले वाडा आणि वाडी. तेव्हां वाड्याचा मूळ अर्थ घर नव्हे, आवार. पावसाळा सरल्यावर धनगर खतासाठीं शेतांत मेंढ्या बसवितात. त्या तळासही वाडाच म्हणतात. गांवांतील कुंभारांची वस्ती तो कुंभारवाडा. आणि थोरल्या बाजीरावांनीं १० जानेवारी १७३० रोजीं पुण्यास ज्याचा पाया घातला, तो शनिवारवाडाही वाडाच. १८२८ च्या आगींत त्याच्या आंतील इमारती जळाल्या. तट आणि दरवाजे तेवढे उरले. तरी त्याला वाडा म्हणण्यास कोणी कचरत नाहीं. घर गेलें, पण आवार राहिलें. म्हणून शब्दही खरा राहिला.

हवेलीची गोष्ट निराळी. हा शब्द मुसलमानी अमदानींत फारसीच्या द्वारें आपल्याकडे आला. जुन्नर हें त्या अमदानीचें मोठें ठाणें. येथूनच मलिक अहमदानें १४९० मध्यें बहामनी सत्ता झुगारली व निजामशाही उभारली. पुढें राजधानी अहमदनगरास गेली. अशा ठाण्यांच्या दप्तरांतून फारसी शब्द आपल्या वहिवाटींत शिरले. हवेलीचा एक अर्थ मोठें घर, हें खरेंच. राजस्थानांत शेखावाटीच्या व्यापाऱ्यांच्या हवेल्या प्रसिद्ध आहेत. गुजराथेंत पुष्टिमार्गी वैष्णव मंदिरासही हवेली म्हणतात. परंतु महसुलाच्या भाषेंत हवेली म्हणजे ठाण्याच्या शहराभोंवतालचा, त्यास जोडलेला मुलूख. अबुल फजलाच्या ‘आइने अकबरी’ंत कित्येक महालांच्या नांवांस हा शब्द जोडलेला आढळतो. आपल्याकडे पेशवाईच्या कागदांत ‘तर्फ हवेली, प्रांत पुणें’ असा निर्देश येतो, आणि पुण्याभोंवतींच्या तालुक्याचें नांव आजही हवेली आहे. तें कोणा एका घरावरून पडलेलें नाहीं.

थोडक्यांत, वाडा हा शब्द कुंपणाच्या आंत पाहतो, तर महसुली हवेली ठाण्याच्या बाहेर, सभोंवार पाहते.

मग कागद वाचतांना अर्थ ठरवावा कसा? शेजारचे शब्द पाहावे. सोपा, चौक, दिंडी, परसू असें कांहीं आलें तर घर समजावें. तर्फ, परगणा, प्रांत आले तर मुलूख. हे ‘तर्फ’ जुन्नर-आंबेगांवांत अजून जिवंत आहेत. आंबेगांव तालुक्यांत म्हाळुंगे तर्फ घोडा आणि म्हाळुंगे तर्फ आंबेगांव, अशीं दोन गांवें आहेत. जुन्नरांत हिवरे तर्फ नारायणगांव आणि हिवरे तर्फ मिन्हेर. एकाच नांवाचीं गांवें तर्फेवरून वेगळीं ओळखण्याची ही जुनी सोय आजही कामीं पडते.

यांत नुसती शब्दांची हौस नाहीं. ज्या आंबेगांवावरून तालुक्यास नांव मिळालें, तें जुनें गांव डिंभे धरणाच्या पाण्याखालीं गेलें. कचेरी घोडेगांवीं, पण नांव आंबेगांवचेंच. गांवोगांवचे वाडेही पडत आहेत. भाऊ वेगळे होतात, चौकांत भिंत उठते, तुळया विकल्या जातात आणि मागें ‘वाड्याची जागा’ एवढेंच नांव उरतें. घर राखणें प्रत्येकास साधेल असें नाहीं. पण नांवाचा अर्थ राखण्यास पैसा लागत नाहीं. तो विसरला, तर घराण्याच्या पेटींतला कागद शाबूत असूनही मुका होईल.