वाल्तेल्लिनाचे द्राक्षमळे : दगडी ताली आणि बाजारपेठ

प्रास्ताविक :
पर्वतीय शेतीच्या अभ्यासात हवामान व मृदा यांवर भर दिला जातो. राजकीय सीमा व बाजारपेठ हे घटक मात्र दुर्लक्षित राहतात. प्रस्तुत लेखात उत्तर इटलीतील आल्प्स पर्वतातल्या वाल्तेल्लिना खोऱ्याच्या संदर्भात या घटकांचा विचार केला आहे.

ताली व श्रम :
आद्दा नदी येथे पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहते. त्यामुळे उत्तर तीरावरील दक्षिणाभिमुख उतारांना भरपूर ऊन मिळते. या खडकाळ उतारांवर शेतकऱ्यांनी चुना न वापरता दगडावर दगड रचून ताली बांधल्या. पावसाने वाहून गेलेली माती पाठीवरच्या टोपल्यांतून पुन्हा वर नेली जाई. येथील मुख्य द्राक्ष नेब्बिओलो. स्थानिक नाव क्यावेन्नास्का. जमीन बहुधा सरदार व चर्च यांची असे. कसणारा ती वंशपरंपरागत खंडाने घेई आणि खंड अनेकदा वाईनच्या रूपात भरी.

सत्तांतरे व व्यापार :
१५१२ ते १७९७ या काळात, १६२० च्या उठावानंतरची सुमारे दोन दशके वगळता, खोऱ्यावर आल्प्सपलीकडील ग्राउब्युंडेनच्या तीन संघांची सत्ता होती. त्यामुळे येथील वाईन घाट ओलांडून उत्तरेकडे जाई. १७९७ मध्ये नेपोलियनने खोरे सिसाल्पाइन प्रजासत्ताकास जोडले आणि ग्राउब्युंडेनच्या मालकांच्या मिळकती जप्त झाल्या. उत्तरेकडील ग्राहक पूर्णपणे तुटला नाही. परंतु तो आता परराज्यातील ग्राहक ठरला. १८१५ नंतर खोरे ऑस्ट्रियाच्या अमलाखाली आले. १८५० च्या दशकात भुरी रोगाने द्राक्षमळ्यांची हानी केली. स्तेफानो याचिनी यांनी १८५८ मध्ये सोंद्रिओ प्रांताच्या आर्थिक स्थितीवर लिहिलेल्या अहवालात या हलाखीची नोंद आहे. एकाच पिकावर विसंबलेल्या कुटुंबाला रोग, कर आणि खंड हे तिन्ही भार एकदम पेलावे लागले.

समारोप :
वाल्तेल्लिनातील तालींची एकूण लांबी सुमारे २५०० किलोमीटर असल्याचे सांगितले जाते. १९९८ मध्ये ‘वाल्तेल्लिना सुपेरिओरे’ या वाईनला इटलीतील सर्वोच्च गुणवत्ता-दर्जा मिळाला. २०१८ मध्ये युनेस्कोने इटलीसह आठ देशांतील अशा दगडी बांधकामाच्या कलेचा अमूर्त वारसा यादीत समावेश केला. ही मान्यता स्वागतार्ह आहे. तथापि, ढासळलेली ताल पुन्हा हातांनीच रचावी लागते आणि त्या श्रमाचा मोबदला वाईनच्या किमतीतूनच मिळतो. तो मिळेनासा झाला की ताल ओस पडते. म्हणून या तालींचा इतिहास हा स्थापत्याइतकाच श्रममूल्याचाही इतिहास आहे, असे म्हणावे लागते.