लाटेपासून ताटापर्यंत

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्याइतका देखणा किनारा युरोपात क्वचितच सापडेल. उत्तरेस डॉनेगॉलच्या खडकाळ भूशिरापासून दक्षिणेस कॉर्क परगण्यातल्या किन्सेल बंदरापर्यंत हा किनारा वळसे घेत, खाड्या ओलांडत, कड्यांच्या धारेवरून उतरत येतो. २०१४ साली तिथल्या पर्यटन खात्याने या साऱ्या वाटेला 'वाइल्ड अटलांटिक वे' असे नाव दिले. सुमारे २,५०० किलोमीटरची ही वाट. तीवरून जाणाऱ्या प्रवाशाला दोन प्रहर झाले की एकच प्रश्न पडतो: ताजी मासळी कोठे मिळेल? वळणावळणावर पाट्या असतात, प्रत्येक पाटीवर मासा काढलेला असतो, आणि प्रत्येकीवर 'ताजी' हा शब्द असतोच.

प्रश्न जिभेचा दिसतो, परंतु त्याचे उत्तर इतिहासात दडलेले आहे. या किनाऱ्यावर जेवायला कोठे बसावे हे ज्याला नीट ठरवायचे असेल, त्याने आधी एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. याच किनाऱ्यावर एके काळी माणसे समुद्राच्या देखत उपासमारीने मेली. ती का मेली?

आयर्लंडचा दुष्काळ शिकवू लागले की वर्गातला एखादा चुणचुणीत मुलगा हमखास उठतो आणि म्हणतो, "गुरुजी, बटाटे कुजले तर कुजले, त्यांनी मासे का नाही खाल्ले?" प्रश्न भाबडा खरा, पण तो त्या काळच्या भल्याभल्या इंग्रजांनाही पडला होता. त्यांच्यापैकी कित्येकांनी त्याचे उत्तरही परस्पर देऊन टाकले: आयरिश माणूस मुळातच आळशी! उपाशी माणसाच्या माथी आळसाचा शिक्का मारणे सोपे असते. शिक्का मारणाऱ्याचे पोट भरलेले असते. म्हणून हा प्रश्न नीट सोडवलाच पाहिजे.

थोडे मागे जाऊ. सोळाव्या शतकात आयर्लंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर माशांची लयलूट होती, आणि ते धरायला स्पेनपासूनची गलबते येत. बाल्टिमोरचे ओड्रिस्कॉल आणि बेअरचे ओसलिव्हन हे तिथले सरदार. परक्या गलबतांनी आपल्या पाण्यात मासे धरावेत, आपल्या काठावर ते सुकवावेत आणि त्याबद्दल आपल्याला जकात द्यावी, असा त्यांचा रिवाज होता. १६०१ मध्ये किन्सेलची लढाई झाली, आयरिश सरदारांचा पराभव झाला, आणि १६०२ मध्ये ओसलिव्हनांचा डनबॉयचा किल्ला पडला. जकात गेली, सरदारही गेले. त्यांच्या जागी इंग्रज वसाहतवाले आले. आपल्या तारलीच्याच कुळातला पिल्चर्ड नावाचा मासा ते धरीत, खारवून पिंपांत दाबून भरीत, त्यातून गळणारे तेलही विकीत, आणि पिंपे परदेशी रवाना करीत. हा धंदा असा बहरात असताना १६३१ सालच्या एका रात्री अल्जिअर्सचे चाचे बाल्टिमोरवर उतरले आणि शंभरावर माणसे गुलाम करून घेऊन गेले.

या साऱ्या धामधुमीत एक गोष्ट मात्र बदलली नाही. मासा आयरिश पाण्यातला. पण गलबत दुसऱ्याचे, मीठ दुसऱ्याचे आणि जेवणारे तोंडही बहुधा दुसऱ्याच देशातले. किनाऱ्यावरच्या गरीब कुळाच्या वाट्याला जमिनीचा एक तुकडा आणि त्यातले बटाटे तेवढे उरले.

१८४५ साली त्या बटाट्यावर करपा पडला आणि पुढची काही वर्षे तो हटला नाही. सुमारे दहा लाख माणसे भुकेने व रोगाने मेली. त्याहून अधिक देश सोडून गेली. १८४१ च्या शिरगणतीत आयर्लंडची लोकसंख्या ८१ लाखांच्या वर होती. १८५१ मध्ये ती ६५ लाखांच्या आसपास आली.

मग समुद्र काय करीत होता? त्याचे उत्तर गॉलवे शहराला लागून असलेल्या क्लाडा नावाच्या कोळीवाड्यात मिळते. क्लाडाचे लोक पिढीजात दर्यावर्दी. पुरुषांनी होड्या हाकाव्यात, बायकांनी पाट्या भरून बाजारात बसावे, भाव करावा, पैसा कनवटीला लावावा, अशी त्यांची रीत होती. ही रीत आपल्या वाचकांना परकी वाटू नये! १८४७ च्या जानेवारीत क्वेकर पंथाची काही परोपकारी मंडळी तेथे पोहोचली, तेव्हा होड्या धक्क्याला लावून ठेवलेल्या त्यांना दिसल्या. शिडे उतरलेली, डोलकाठ्या उघड्या. मासे धरायची जाळी आणि दोर कोळ्यांनी गहाण टाकले होते, नाही तर विकले होते. त्या पैशांतून मूठमूठ पीठ आणून ते कसेबसे जगत होते.

हे झाले ज्यांचा धंदाच मासेमारीचा होता त्यांचे. इतर ठिकाणी तर होडी म्हणजे 'करा': लाकडी पट्ट्यांचा सांगाडा आणि त्यावर ताणलेले कातडे किंवा डांबर लावलेले कापड. एवढ्या भांडवलावर हिवाळ्यातल्या अटलांटिकमध्ये खोल पाण्यापर्यंत जाणे म्हणजे मरण पत्करणे. बरे, मासा सापडलाच तर तो उतरवायला धक्का नाही, टिकवायला मीठ आणि पिंपे नाहीत, शहरात न्यायला रस्ता नाही. आणि आसपासच्या गावात विकावा तर घेणाऱ्याच्या हातात दमडी नाही. लोकांनी खडकावरचे शिंपले खरवडले, समुद्रातले शेवाळ उकडून खाल्ले. काठावरचे हे अन्न थोड्याच दिवसांत संपले. क्वेकरांनी काही ठिकाणी लहानसहान कर्जे देऊन जाळी गहाणातून सोडवून दिली, तेव्हा होड्या पुन्हा पाण्यात गेल्या. आळसाच्या आरोपाला याहून चोख उत्तर कोणते? जाळे मिळताच माणूस समुद्रावर गेला.

तेव्हा मुलाच्या प्रश्नाचे उत्तर असे, की समुद्रात मासा असणे आणि ताटात मासा असणे यांच्यामध्ये होडी, जाळे, धक्का, मीठ, बर्फ आणि रस्ता एवढ्या गोष्टी असतात. यांतली एक जरी तुटली तरी समुद्र नुसता पाहण्यापुरता उरतो.

पुढच्या पन्नास वर्षांत ही साखळी हळूहळू जोडली गेली. १८५१ मध्ये डब्लिनहून गॉलवेला आगगाडी पोहोचली. १८८७ मध्ये बाल्टिमोरला मच्छीमारीची शाळा निघाली. तिला बर्डेट-कूट्स नावाच्या धनाढ्य इंग्रज बाईंचा आश्रय होता, आणि त्या भागातल्या कोळ्यांना होड्यांसाठी त्यांनीच कर्जे दिली होती. १८९१ मध्ये पश्चिमेकडच्या दरिद्री भागांसाठी सरकारने एक खास मंडळ नेमले. त्याने धक्के बांधले, होड्या दिल्या. त्याच वर्षी डिंगलला, १८९३ मध्ये बाल्टिमोरला आणि १८९५ मध्ये क्लिफ्डनला रेल्वेचे रूळ पोहोचले. बांगड्याच्या जातीचा मॅकरेल खारवून अमेरिकेपर्यंत जाऊ लागला. कोळ्याच्या हाती चार पैसे आले. मासा मात्र अजूनही गाव सोडूनच जात होता!

आणि गावात राहिलेल्या माशाला मान नव्हता. शिंपले, कालवे, शेवाळ यांना भुकेच्या दिवसांची आठवण चिकटलेली. त्यात धर्माची भर. आपल्याकडे उपासाला मासा वर्ज्य. कॅथलिक आयर्लंडमध्ये मांस वर्ज्य असलेल्या शुक्रवारी नेमका मासाच! १९६६ मध्ये पोपने हे नियम सैल करीपर्यंत मासा म्हणजे प्रायश्चित्ताचे जेवण, असे समीकरण घरोघरी पक्के होते. शिक्षा म्हणून खाल्लेल्या पदार्थाची चव कोण वाखाणणार?

ही दृष्टी बदलली ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. सप्टेंबरात पाहुणे रोडावतात म्हणून गॉलवेतल्या एका हॉटेलच्या व्यवस्थापकाने १९५४ साली कालवांचा उत्सव भरवला. जवळच्या क्लॅरिनब्रिजचा उत्सवही त्याच वर्षीचा. १९६४ मध्ये मर्टल अ‍ॅलन या गृहिणीने पूर्व कॉर्कमधल्या आपल्या बॅलीमलू या राहत्या वाड्यात खाणावळ उघडली. शेजारच्या बॅलीकॉटन बंदरात जी मासळी उतरेल ती आणायची आणि पदार्थांची यादी रोज नव्याने लिहायची, असा त्यांचा शिरस्ता. आपल्या समुद्रातले अन्न पाहुण्यापुढे अभिमानाने मांडता येते, हे त्या यादीने अनेकांना शिकवले. १९७० नंतरच्या दशकात किन्सेलच्या खाणावळवाल्यांनी एकजूट केली, आणि जिथे एकदा राज्य हरले तिथे लोक जेवणासाठी लांबून येऊ लागले.

आता प्रवाशाच्या मूळ प्रश्नाकडे येऊ. समुद्र दिसतो म्हणून तेथील मासा ताजा, असे समजू नये. इतका इतिहास वाचल्यावर तर मुळीच समजू नये. आजही आयरिश खेकडा आणि कोळंबीचा मोठा वाटा स्पेन-फ्रान्सकडे रवाना होतो. म्हणून खिडकीतला देखावा नंतर पाहावा, आधी बंदर पाहावे. डॉनेगॉलचे किलीबेग्ज, कॉर्कचे कॅसलटाउनबेअर ही नांदती मासळी-बंदरे. अशा धक्क्याजवळ, फळ्यावर खडूने चारच पदार्थ लिहिलेले दिसले तर तेथे बसावे. पंचवीस प्रकारच्या मासळीची छापील यादी बारा महिने तीच असेल, तर ती समुद्राला विचारून लिहिलेली नाही हे ओळखावे.

ऋतू सांभाळावा. गॉलवे उपसागराच्या आतल्या बाजूस, जिथे नद्यांचे गोडे पाणी खाऱ्यात मिसळते, तिथले चपटे देशी कालव सप्टेंबरपासून एप्रिलपर्यंतच खातात. उन्हाळा त्याच्या विणीचा असतो. नारळी पौर्णिमेपर्यंत थांबणाऱ्याला हे समजावून सांगायला नको. ही जात पूर्वीइतकी मुबलक राहिलेली नाही, म्हणून तर हा नियम अधिकच पाळावा. उन्हाळ्यात जे कालव मिळते ते बहुधा पॅसिफिक जातीचे, लागवडीचे. त्यात खोटे काही नाही, पण वाढणाऱ्याने तसे सांगितले पाहिजे. काळे शिंपले खायचे तर बँट्रीच्या किंवा किलरीच्या खाडीकाठी खावेत. तेथे ते पाण्यात सोडलेल्या दोरांवर वाढतात, त्यामुळे दाताखाली वाळू येत नाही. आणि 'डब्लिन बे' नावाची कोळंबी पश्चिम किनाऱ्यावर दिसली तर दचकू नये. नाव डब्लिनचे असले तरी ती पश्चिमेच्या समुद्रातही भरपूर सापडते. सर्वांत चांगला उपाय म्हणजे सरळ विचारणे: हा मासा कोणत्या होडीने आणला? ज्याला ठाऊक असते तो खुशीने सांगतो. ज्याला ठाऊक नसते तो यादीकडे बोट दाखवतो.

१९९५ चे नोबेल पारितोषिक मिळालेले आयरिश कवी शेमस हीनी यांची कालवांवर एक कविता आहे. मित्रांसोबत किनाऱ्यावर कालवे खाताना कवीला आठवतात ते बर्फाच्छादित आल्प्स ओलांडून रोमला कालवे नेणारे रोमन, आणि त्या चैनीचा विचार त्याचा आनंद थोडा डहुळून टाकतो. आयरिश माणसाला असे वाटावे यात आश्चर्य नाही. त्याच्या किनाऱ्यावरचा मासा शतकानुशतके दूरच्या ताटांकडेच जात राहिला.

म्हणून ज्या खाणावळीत होडी, धक्का, चूल आणि ताट ही चारही एका हाकेच्या अंतरावर असतील, तेथे, वाचकहो, चार पैसे जास्त पडले तरी बसावे. त्या पैशांतले काही पुन्हा जाळ्याकडे जातात. आणि क्लाडाच्या गहाण पडलेल्या जाळ्यांची गोष्ट ज्याला ठाऊक आहे, त्याला तो घास अधिक गोड लागेल.