दोन मिलीचा चमचा

निवृत्त होताना मी एकच वस्तू मागून घेतली, अ जीवनसत्त्वाच्या बाटलीबरोबर येणारा प्लास्टिकचा चमचा. त्याच्या आत एक रेघ आहे. रेघेपर्यंत भरला की एक मिली, म्हणजे १ लाख युनिट. काठोकाठ भरला की २ लाख. माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षांत हिशेब असा होता: नवव्या महिन्यात गोवराच्या लशीबरोबर रेघेपर्यंत, मग दर सहा महिन्यांनी काठोकाठ, लेकरू पाच वर्षांचं होईस्तोवर. एकूण ९ डोस, १७ लाख युनिट. बोरी गावाच्या आसपासच्या वाड्या-तांड्यांवर हा हिशेब मी आयांना इतक्यांदा सांगितला की अजून झोपेतही सांगेन.

आता माझेच डोळे कोरडे पडलेत. सकाळी उठलं की पापणीखाली माती गेल्यासारखं टोचतं. भाचा पुण्याहून ओमेगा-थ्रीच्या कॅप्सूल पाठवतो. गल्लीतली एक सून परवा म्हणाली, "बाई, तुम्ही आख्ख्या गावाला डोळ्याचा डोस पाजला, अन् तुमचेच डोळे कामून कोरडे पडले?" ती मनापासून विचारत होती. तिला उभ्या उभ्या उत्तर देता आलं नाही, कारण त्यासाठी आमच्या भागातल्या डोळ्यांची जुनी गोष्ट सांगावी लागते.

मी १९७८ साली नर्सबाई म्हणून लागले. ट्रेनिंगमध्ये झिरॉप्थॅल्मिया हा शब्द पाठ करून घेतला होता. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ सरळ 'कोरडे डोळे' असाच. पण हा कोरडेपणा वयाचा नव्हे, ताटाचा. अ जीवनसत्त्व कमी पडलं की आधी संध्याकाळचं दिसेनासं होतं, मग डोळ्याच्या पांढऱ्या भागावर कानशिलाच्या बाजूला साबणाच्या फेसासारखा ठिपका येतो, मग बुबुळ कोरडं पडतं आणि शेवटी विरघळतं. त्या ठिपक्याला बिटो नावाच्या फ्रेंच डॉक्टराचं नाव आहे, त्यानं १८६३ साली तो नोंदवला. आमच्याकडं आया ठिपक्याकडं बघत नसत. त्या म्हणत, "सांजच्याला लेकरू खाटेला धडकतंय." एवढं ऐकलं की मी चमचा काढायची.

माझी आजी निजामाच्या राजवटीतली. तिच्या तोंडून ऐकलंय की सातव्या-आठव्या महिन्यातल्या बाया दिवेलागणीला भिंत धरून चालायच्या आणि बाळंतपणानंतर नजर परत यायची, म्हणून कुणाला त्यात आजार वाटायचाच नाही. उपाय मात्र ठाऊक होता. बकरं कापलं की रातांधळ्या माणसासाठी काळजाचा तुकडा बाजूला ठेवायचे, निखाऱ्यावर भाजून द्यायचे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रातही रातांधळेपणावर बकऱ्याचं यकृत सांगितलंय. आजीनं संहिता कधी पाहिली नव्हती. अ जीवनसत्त्वाचा पत्ता प्रयोगशाळेत १९१३ साली अमेरिकेत लागला, आणि ते यकृतात साठतं हे त्यानंतर कळलं.

माळकऱ्यांच्या घरात काळीज चालायचं नाही. तिथं शेवग्याचा पाला, तांदुळजा, पाथरी, चाकवत. या पाल्यात अ जीवनसत्त्वाचा कच्चा माल भरपूर असतो, पण तो अंगी लागायला सोबत तेल-तूप लागतं. माझ्या मते आमच्या भागाची खरी गोम इथंच होती. रोजचं जेवण म्हणजे पांढऱ्या ज्वारीची भाकरी आणि ठेचा, आणि ज्वारीत हे जीवनसत्त्व जवळजवळ नाहीच. घाण्याचं करडीचं तेल पळीनं नव्हे, बोटानं मोजून वापरायचं. भाजी शिजायची ती पुष्कळदा नुसत्या मिठा-मिरचीवर.

त्यात गोवर आला की देवी आली म्हणून घरात फोडणी बंद. तळण नाही, तेलाचा वास नाही. श्रद्धेनं पाळायचे, त्यात कुणाचा दुष्टपणा नव्हता. पण गोवर अंगातलं उरलंसुरलं अ जीवनसत्त्व भराभर संपवतो, आणि नेमक्या त्याच आठवड्यात लेकराच्या तोंडचं तेल काढून घेतलं जायचं. डोळ्यात फूल पडलेली आमच्या पिढीतली माणसं आठवून बघा. त्यांतल्या पुष्कळांच्या आया सांगतील की गोवरानंतर झालं.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं मोठ्या डोसाचे प्रयोग केले आणि १९७० साली केंद्र सरकारनं तो लेकरांना पाजण्याचा कार्यक्रम सुरू केला. चमच्यामागचा विचार साधा होता. हे जीवनसत्त्व यकृतात महिनोन्‌महिने साठून राहतं, मग रोज कशाला, सहा महिन्यांतून एकदा पाजलं तरी पुरतं. दोनच वर्षांनी १९७२ चा दुष्काळ पडला. सुकडी आणि अमेरिकेतून आलेली लाल मिलो खाल्लेली लेकरं पुढं माझ्या हाताखाली आली.

एक तांडा मी विसरू शकत नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षांतली गोष्ट. गोवर येऊन गेल्याचा निरोप मला उशिरा मिळाला आणि मी आणखी एक दिवस उशिरा निघाले, कारण पाऊस होता. तीन वर्षांची पोर आईच्या पदराखाली तोंड लपवून बसली होती, उजेड सोसवत नव्हता. एक बुबुळ दुधासारखं झालेलं. दुसरं कोरडं, पण अजून स्वच्छ. त्या दिवशी काठोकाठ चमचा, दुसऱ्या दिवशी पुन्हा, दोन आठवड्यांनी पुन्हा. दुसरा डोळा राहिला. तो एक दिवस मी पावसाला दिला नसता तर काय झालं असतं, हे मी अजून मोजते.

१९८५ पासून सार्वत्रिक लसीकरणात गोवराची लस आली, पुढं तिच्याच दिवशी हा डोस जोडला गेला, आणि खाटेला धडकणारी लेकरं कमी होत गेली. घरात तेलाचा डबाही आला, हे विसरून चालणार नाही. सगळं श्रेय चमच्याला द्यायला मी तयार नाही. आल्फ्रेड सॉमर यांच्या इंडोनेशियातल्या अभ्यासात १९८६ साली दिसलं होतं की डोस मिळालेली लेकरं एक तृतीयांशानं कमी दगावली. उत्तर प्रदेशातल्या सुमारे दहा लाख लेकरांवरच्या अभ्यासात, २०१३ साली, तो फायदा फारच थोडा निघाला. पण बुबुळ वाचतं, याबद्दल दोघांत वाद नाही.

म्हणून त्या सुनेला मी घरी बोलावून सांगितलं. माझा कोरडेपणा त्या जातीचा नाही. माझ्या पापण्यांच्या काठावरच्या तेलग्रंथी म्हाताऱ्या झाल्यात, त्यामुळं अश्रू टिकत नाहीत, उडून जातात. चमचाभर अ जीवनसत्त्वानं त्या तरुण होणार नाहीत. उलट पोट भरलेल्या मोठ्या माणसानं ते मनानं घेत राहणं यकृताला घातक. आणि भाच्याच्या कॅप्सूल? अमेरिकेत ५३५ माणसांवर वर्षभर अभ्यास झाला, २०१८ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला. काहींना रोज ३००० मिलीग्रॅम माशाच्या तेलातलं ओमेगा-थ्री, बाकीच्यांना नुसतं ऑलिव्ह तेल. दोन्हीकडच्यांना बरं वाटलं, आणि सारखंच वाटलं. भाच्याला मी हे फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "मावशी, नुकसान तर नाही ना?" त्याच्या मायेला काय उत्तर द्यायचं? आहेत त्या संपवते, पुढं पाठवू नको म्हणाले.

मग सुनेनं जवसाचं विचारलं, कारण कॅप्सूलच्या जाहिरातीत हल्ली जवसाचंही नाव असतं. तिला निळ्या फुलांचे पाटे ठाऊक नाहीत. आमच्या लहानपणी रब्बीत हरभऱ्याच्या कडेनं दोन ओळी जवस असायचंच. हैदराबाद संस्थानातलं जवस मुंबईच्या बंदरातून विलायतेला जायचं, रंगासाठी आणि लिनोलियमसाठी. घरात उरायचं ते चटणीपुरतं. लातूरच्या गळीतधान्य केंद्रानं एलएसएल-९३ नावाचा वाण काढला, तरी आमच्या शिवारातून ते हळूहळू गेलंच. जवसाच्या तेलात अर्ध्याहून जास्त ओमेगा-थ्री असतं हे खरं, पण माशाच्या तेलातलं जे असतं त्यात त्याचा थोडाच भाग आपल्या अंगात बदलतो.

"मग खायचं का नाही?" ती म्हणाली.

मी चुलीवर तवा ठेवला. जवस तडतडेपर्यंत भाजलं, लसूण, सुक्या मिरच्या आणि मीठ घालून कुटलं, भाकरीवर घातलं आणि वर तेलाची धार सोडली. तिचं नऊ महिन्यांचं पोर मांडीवर होतं. त्याच्या गोवराच्या लशीची तारीख मी कार्डावर बघितली, दोन दिवस उलटून गेले होते. जेवण झाल्यावर आम्ही तिघंही दवाखान्यात गेलो.