स्पंदताऱ्याचे वय आणि सहचराची साक्ष

ज्या वस्तूचा काळ ठरवावयाचा, तिच्याच अंगावरील झिजेवरून तो ठरविण्याचा मोह इतिहासाच्या सर्व शाखांना पडतो. झिजेचा वेग एकसारखा आहे, असे एकदा गृहीत धरले की उरते ते केवळ अंकगणित. भाषाभ्यासकांस हा मोह चांगलाच परिचित आहे. मूलभूत शब्दसंग्रहाचा सुमारे ८६ टक्के भाग दर सहस्रकास टिकून राहतो असे मानून, भाषा एकमेकींपासून केव्हा विभक्त झाल्या हे काढण्याची पद्धती मॉरिस स्वाडेश यांनी १९५० नंतरच्या दशकात मांडली. पुढे १९६२ मध्ये बेर्गस्लांड व फोग्ट यांनी, ज्यांचा इतिहास लिखित साधनांवरून स्वतंत्रपणे ज्ञात आहे अशा भाषा घेऊन हे गृहीतक तपासले. तेव्हा आइसलँडिक भाषेत ही झीज अपेक्षेहून पुष्कळच मंद असल्याचे दिसून आले. खगोलशास्त्राच्या अलीकडील इतिहासात याच जातीचा एक वाद उद्भवला व तो ज्या रीतीने सुटला ती रीत कालनिर्णयाच्या दृष्टीने उद्बोधक आहे. तिचा मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

१९६७ साली केंब्रिज येथे जोसेलिन बेल व अँटनी ह्यूइश यांना पहिला पल्सार, म्हणजेच स्पंदतारा, सापडला. सूर्याहून अधिक द्रव्य सुमारे वीस किलोमीटर व्यासाच्या गोलात सामावलेला व स्वतःभोवती वेगाने फिरणारा न्यूट्रॉन तारा, असे त्याचे स्वरूप पुढे निश्चित झाले. त्याच्या प्रबळ चुंबकक्षेत्रामुळे परिवलनाची ऊर्जा बाहेर पडते आणि स्पंदांमधील अंतर अत्यंत हळूहळू वाढत जाते. हे अंतर व त्याच्या वाढीचा वेग रेडिओ दुर्बिणीने मोजला, म्हणजे चुंबकक्षेत्राचे बळ व ताऱ्याचे वय या दोहोंचा अंदाज करता येतो. तथापि हा अंदाज सर्वस्वी ताऱ्याच्या स्वतःच्या जबानीवर अवलंबून असतो. चुंबकक्षेत्र आरंभापासून कसे बदलत आले, हे त्या जबानीत कोठेही येत नाही. १९७० मध्ये गन व ऑस्ट्रायकर यांनी स्पंदताऱ्यांच्या एकूण वितरणावरून असे प्रतिपादन केले, की हे क्षेत्र काही दशलक्ष वर्षांच्या प्रमाणात नियमितपणे क्षीण होत जाते. एका ठराविक दराने होणारी झीज, हेच येथील गृहीतक होते.

या गृहीतकाची परीक्षा करण्यास दुसरा साक्षीदार हवा होता. १९७४ साली हल्स व टेलर यांना जोडताऱ्यातील पहिला स्पंदतारा आढळला. परंतु त्याचा सहचरही न्यूट्रॉन ताराच असल्यामुळे प्रकाशीय दुर्बिणीस तेथे काही गवसण्यासारखे नव्हते. मात्र काही स्पंदताऱ्यांचे सहचर श्वेतबटू असावेत, असे त्यांच्या कक्षांवरून वाटत होते. श्वेतबटू म्हणजे आतील इंधन संपलेल्या ताऱ्याचा तप्त गाभा. तो निवत जातो, आणि त्याच्या रंगावरून तापमान व तापमानावरून निवण्यास लागलेला काळ काढता येतो. हा काळ चुंबकक्षेत्राशी सर्वथा असंबद्ध असतो, हे त्याचे महत्त्व.

१९८६ मध्ये श्रीनिवास कुलकर्णी यांनी हाच मार्ग अनुसरला. कोल्हापूर जिल्ह्यातील कुरुंदवाड येथे १९५६ साली जन्मलेले हे संशोधक त्या वेळी कॅलिफोर्निया तंत्रविज्ञान संस्थेत होते. ०६५५+६४ या स्पंदताऱ्याच्या स्थानी त्यांना बाविसाव्या प्रतीच्या आसपासचा, म्हणजे नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या अत्यंत मंद ताऱ्याहूनही वीस लक्षांहून अधिक पटींनी मंद, असा श्वेतबटू आढळला. तो इतका निवालेला होता, की त्याचे वय किमान दोन अब्ज वर्षे मानणे प्राप्त झाले. या जोडीत न्यूट्रॉन तारा आधी जन्मलेला, आणि श्वेतबटू नंतर तयार झालेला. म्हणजे स्पंदताऱ्याचे वय त्याहून कमी असू शकत नाही. क्षेत्र सतत त्याच दराने क्षीण होत असते, तर एवढ्या काळात ते नामशेष व्हावयास हवे होते. प्रत्यक्षात ते सुमारे दहा अब्ज गॉस, म्हणजे सामान्य स्पंदताऱ्याच्या शंभराव्या हिश्शाइतके, शिल्लक होते. तात्पर्य, झीज कोठेतरी थांबते किंवा अतिशय मंदावते. जे उत्तर स्पंदताऱ्याकडून मिळाले नसते, ते त्याच्या मूक सहचराने दिले.

परंतु दुसरा साक्षीदार सत्यवादी असतोच, असे नाही. १९९५ मध्ये लोरिमर व त्यांच्या सहकाऱ्यांनी जे१०१२+५३०७ या स्पंदताऱ्याच्या सहचराचा प्रकाशीय अभ्यास केला. स्पंदांवरून ताऱ्याचे वय सुमारे सात अब्ज वर्षे निघत होते. सहचराच्या तापमानावरून मात्र निवण्याचा काळ अवघा तीस कोटी वर्षांच्या घरात येत होता. या खेपेस दोष सहचराच्या बाजूचा असल्याचे दिसून आले. १९९६ साली आल्बर्ट्‌स व इतरांनी दाखविले, की फार थोड्या वस्तुमानाच्या हीलियम-श्वेतबटूभोवती हायड्रोजनचा जाड थर उरतो व त्यात दीर्घकाल मंद ज्वलन चालू राहते. असा तारा वृद्ध असूनही उष्ण दिसतो.

या दुरुस्तीचे मोल वयापुरते मर्यादित राहिले नाही. केवळ रेडिओ-स्पंदांवरून कक्षेचा कल सहसा कळत नाही. त्यामुळे दोन्ही ताऱ्यांची वस्तुमाने वेगळी काढता येत नाहीत. सहचराच्या वर्णपटातील रेषांचे सरकणे मोजले, म्हणजे त्याचा वेग व त्यावरून वस्तुमानांचे गुणोत्तर मिळते. आणि श्वेतबटूविषयीचे सिद्धान्त विश्वसनीय असतील, तर त्याच वर्णपटावरून त्याचे वस्तुमानही ठरते. २०१३ मध्ये आंतोनियादिस व सहकाऱ्यांनी चिली येथील महादुर्बिणीने जे०३४८+०४३२ च्या सहचराचे असे वेध घेतले. सहचर सूर्याच्या ०.१७२ पट, गुणोत्तर ११.७०, म्हणून स्पंदताऱ्याचे वस्तुमान सूर्याच्या २.०१ पट ठरले. एवढा भार पेलू न शकणाऱ्या न्यूट्रॉन-द्रव्याविषयीच्या अनेक कल्पना त्यामुळे त्याज्य झाल्या.

दुसऱ्या साक्षीचे मूल्य ती निर्दोष असण्यात नसून, तिच्यातील दोषाचे कारण पहिलीच्या दोषाहून वेगळे असण्यात आहे. चुंबकक्षेत्राविषयीची चूक श्वेतबटूच्या तापमानात उतरू शकत नाही, आणि हायड्रोजनच्या थराविषयीची चूक स्पंदांच्या अंतरात उतरू शकत नाही. म्हणूनच दोन्ही जुळल्या असता विश्वास वाढतो व न जुळल्या असता नवे ज्ञान पदरी पडते. एखाद्या लेखाचा लिपीवरून काढलेला काळ त्याच्या भाषेच्या काळाशी ताडून पाहताना, त्या दोन अनुमानांचा पाया खरोखर भिन्न आहे ना, हा प्रश्न आपल्या अभ्यासकांनीही प्रथम विचारावयास हवा. पुष्कळदा एक अनुमान दुसऱ्याच्याच आधारे बेतलेले असते, आणि मग त्यांची एकवाक्यता म्हणजे एकाच साक्षीची पुनरुक्ती ठरते.