ओळख आणि हमी

गेल्या हिवाळ्यांत परीक्षेच्या कामानिमित्त परगांवीं एका मोठ्या हॉटेलांत तीन दिवस राहण्याचा प्रसंग आम्हांस आला. सकाळच्या फराळाच्या दालनांत चाळीस-पन्नास माणसें बसलेलीं असत. बहुतेक व्यापारी, नाहींतर कंपन्यांचे फिरते प्रतिनिधी. प्रत्येकाचें लक्ष आपल्या हातांतील फोनकडे. दुसऱ्या दिवशीं जिन्याजवळ एक फलक लागला. येथें उतरलेल्या व्यापारी पाहुण्यांनीं परस्परांची ओळख करून घ्यावी म्हणून सायंकाळीं सहा वाजतां चहा ठेविला आहे, अशी त्यावर सूचना होती. आम्ही व्यापारी नव्हे. तथापि कुतूहल म्हणून खालीं गेलों. सात-आठ मंडळी जमलीं, नांवांच्या चिठ्ठ्या छातीवर लागल्या, कार्डांची देवघेव झाली आणि अर्ध्या तासांत जो तो आपल्या खोलीकडे परतला. मागें राहिले ते सांगलीकडचे हळदीचे एक वृद्ध व्यापारी. हातांतील कार्डें पत्त्यांसारखीं पिशीत ते आम्हांस म्हणाले, "प्रोफेसरसाहेब, ओळखी झाल्या सात. पण ह्यांतल्या एकाला उद्यां चाळीस पोतीं उधार द्यायचीं म्हटलें, तर ह्याची ओळख मला देणार कोण?"

ओळख होणें आणि ओळख देणें ह्यांतला भेद आमच्या भाषेनें किती नेमका टिपून ठेविला आहे! पहिली गोष्ट दोघांत होते. दुसरीला तिसरा मनुष्य लागतो, आणि त्या तिसऱ्याला आपलें कांहीं तरी गुंतवावें लागतें. त्या गृहस्थांचा प्रश्न ऐकून आम्हांस साडेसहाशें वर्षांपूर्वींचें एक शहर आठवलें. कारण तेथें ह्या प्रश्नाचें उत्तर देणें हाच पांथशाळा चालविणाऱ्यांचा मुख्य धंदा होता.

हें शहर म्हणजे फ्लँडर्स प्रांतांतील ब्रूज. आज तें बेल्जम देशांत मोडतें. लोंकरी कापडाच्या विणकरीनें त्या प्रांताची भरभराट झालेली होती, आणि ११३४ च्या समुद्री तुफानानें मोकळ्या झालेल्या झ्विन नांवाच्या खाडीमुळें जहाजें शहराजवळ येऊं लागलीं होतीं. १२५२ त जर्मन व्यापाऱ्यांना तेथील राज्यकर्त्या काउंटेस मार्गारेट हिनें सवलती दिल्या. १२७७ त जिनोआचीं गलबतें जिब्राल्टरला वळसा घालून तेथें पोंचलीं. १३१४ पासून व्हेनिसचीं येऊं लागलीं. बाल्टिककडचा मेण आणि केसाळ कातडीं आणणारा जर्मन, मिरीं आणि रेशीम आणणारा इटालियन, लोंकर विकणारे इंग्रज व स्पॅनिश ह्यांची त्या एका गांवांत गांठ पडे. एकाची भाषा दुसऱ्यास येत नाहीं, एकाचें गांव दुसऱ्यानें पाहिलेलें नाहीं, आणि माल मात्र बहुशः उधारीवर विकावयाचा!

परदेशी व्यापाऱ्यांची सोय लावण्याची त्या काळची नेहमींची तऱ्हा निराळी होती. व्हेनिसमध्यें जर्मनांसाठीं सरकारनें एक प्रचंड वाडा बांधून ठेविला होता; त्याचा उल्लेख १२२८ पासून सांपडतो. १५०५ त तो जळाला आणि १५०८ त पुन्हां उभा राहिला, तेव्हां त्याच्या बाहेरच्या भिंती जोर्जोने व टिशियन ह्या विख्यात चित्रकारांनीं रंगविल्या. वाडा सुंदर खरा. पण जर्मनानें तेथेंच उतरलें पाहिजे, तेथेंच माल ठेविला पाहिजे आणि सरकारनें नेमून दिलेल्या दलालामार्फतच सौदा केला पाहिजे, असा निर्बंध असे. रात्रीं दरवाजे बंद होत. लंडनमध्यें थेम्सच्या कांठीं जर्मनांचें जें ठाणें होतें त्याला तर स्वतःचा तटच होता. तेथें राहणारे आपसांत घट्ट बांधलेले आणि गांवाला परके. अशा ठिकाणीं जर्मनाची जर्मनाशीं ओळख पक्की होई; पण ती त्याला मुळांत होतीच.

ब्रूजमध्यें असा कोंडवाडा नव्हता. जर्मन व्यापाऱ्यांचा संघ तेथें होता, त्यांच्या सभा होत. परंतु माणसें राहत तीं गांवभर पसरलेल्या पांथशाळांत आणि भाड्याच्या खोल्यांत. त्यामुळें जें काम व्हेनिसमध्यें सरकार करी तें येथें पांथशाळेच्या यजमानाकडे आलें.

हा यजमान म्हणजे भाकरी आणि बिछाना विकणारा भटारी नव्हे. तो बहुधा शहरांतला प्रतिष्ठित नागरिक असे. घराच्या तळघरांत पाहुण्यांचा माल पडे. त्याच्याच पेटींत त्यांची रोकड राही. पाहुणा स्वदेशीं गेला तर मागें त्याच्या वतीनें माल विकणें आणि येणें वसूल करणें हेंहि तोच पाही. त्याच्या पदरीं एकदोन दलाल असत आणि दलालीचा वांटा हेंच त्याच्या मिळकतीचें खरें साधन असे. यजमान आणि दलाल ह्यांचा संघहि एकच होता. ज्याच्याकडे मेण घेऊन आलेला जर्मन उतरला आहे, त्यानें शेजारच्या पांथशाळेंत मेण शोधीत असलेल्या इटालियनाशीं त्याची गांठ घालून द्यावयाची. भाषा अडली तर दुभाषी व्हावयाचें. सौदा पटला कीं साक्षीला उभें राहावयाचें. पाहुण्यांच्या ओळखी करून देणें हा ब्रूजमध्यें शिष्टाचार नव्हता, ती उपजीविका होती.

पण खरा मुद्दा पुढेंच आहे. पाहुण्यानें केलेल्या कर्जाबद्दल कायदा यजमानाला जबाबदार धरी. पाहुणा रातोरात पळाला, तर धनको यजमानाच्या दारीं येऊन उभा! म्हणून यजमान जेव्हां म्हणे कीं हा मनुष्य माझ्याकडे उतरतो, तेव्हां त्या चार शब्दांत त्याचें घरदार गहाण पडलेलें असे. अर्थात् तो कोणालाहि आंत घेत नसे. आणि ज्याला घेतलें त्याची चालचलणूक, त्याचा माल, त्याच्याकडे येणारीं पत्रें ह्यांवर त्याची बारीक नजर असे. ऐकणाराहि हें जाणून असे, आणि म्हणूनच परक्या माणसाला उधार माल देण्यास तो धजत असे.

ह्या व्यवस्थेचा एक लेखी पुरावा सुदैवानें शिल्लक आहे. कोलार द मार्क नांवाच्या ब्रूजमधील सराफाच्या १३६६ ते १३६९ ह्या काळांतील वह्या उपलब्ध असून, रेमंड द रूव्हर ह्या पंडितानें १९४८ त प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत त्यांचा सविस्तर विचार केला आहे. ह्या सराफाच्या खातेदारांत पांथशाळांचे यजमान पुष्कळ आढळतात. एका यजमानाच्या पाहुण्यानें दुसऱ्याच्या पाहुण्यास पैसे द्यावयाचे झाले, तर नाणीं मोजण्याची गरज नसे. सराफाच्या वहींत एका यजमानाच्या नांवें टाकावयाचे आणि दुसऱ्याच्या खातीं जमा करावयाचे. भिन्न देशांच्या माणसांमधला हा व्यवहार वस्तुतः दोन शेजाऱ्यांमधला होऊन जाई. ह्या धंद्यांत बायकाहि होत्या. नवऱ्याच्या मागें पांथशाळा समर्थपणें चालविणाऱ्या विधवा ब्रूजच्या इतिहासांत भेटतात.

आमच्या वाचकांना ह्यांत आपल्याकडील आडत्या दिसला असेल. शेतकऱ्यानें गाडी घेऊन पेठेंत यावें, आडत्याच्या ओट्यावर पथारी टाकावी, त्याच्याच घरीं जेवावें, आणि आडत्यानें त्याचा माल विकून, आडत कापून, पैसे हातीं द्यावे, ही रीत आम्हीं लहानपणीं डोळ्यांनीं पाहिली आहे. घेणारा कोण, कोठला, हें शेतकऱ्याला ठाऊक नसे. त्याला आडत्या ठाऊक असे. त्या रीतींतली लुबाडणूकहि आम्हीं पाहिली आहे.

लुबाडणुकीची तक्रार ब्रूजमध्येंहि होतीच. जो ओळख देतो त्याच्याच हातीं दार राहतें. आणि दार ज्याच्या हातीं, तो टोल घेतल्याविना सोडीत नाहीं. दलालाला टाळून परभारें सौदा करूं पाहणाऱ्या परक्यांना संघाचा जाच होई. १२८० त जर्मन व्यापारी शहर सोडून जवळच्या आर्डेनबर्गला जाऊन बसले. १३०७ त पुन्हां तसेंच झालें. १३५८ त त्यांनीं आपलें ठाणें हॉलंडमधील डोर्ड्रेख्तला हलविलें. वजनमापें, जकाती, सवलतींचा भंग आणि लुटलेल्या मालाची भरपाई अशीं अनेक कारणें ह्या रुसव्यांमागें होतीं. दलालांचा जाच हें त्यांतलें एक. प्रत्येक वेळीं एकदोन वर्षांत ते सवलती पदरांत पाडून परत आले. आमच्या मतें ह्या परतण्याला सवलतींइतकेंच आणखी एक कारण असावें. आर्डेनबर्गमध्यें कोठारें बांधतां येत. पण दहा देशांच्या पाहुण्यांची नाडी ओळखणारे यजमान तेथें एका वर्षांत कोठून निर्माण व्हावे?

ब्रूजमधील ह्या यजमानांत व्हान डेर बूर्झे नांवाचें एक घराणें होतें. पिशवी किंवा थैली हा त्या नांवाचा अर्थ, आणि घराण्याच्या चिन्हांत तीन थैल्या असत. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून त्यांची पांथशाळा एका लहानशा चौकावर होती. इटालियन व्यापारी तेथें उतरत. पुढें त्या चौकाच्या भोंवतींच जिनोआ, व्हेनिस आणि फ्लॉरेन्स येथील व्यापाऱ्यांचीं स्वतंत्र घरें झालीं. त्यांतलें जिनोआवाल्यांचें १३९९ तलें आहे. पण पाहुण्यांचे पाय चौकाकडे वळावयाचे ते वळतच राहिले. आज फ्लॉरेन्सच्या हुंडीचा भाव काय, लंडनची काय बातमी, कोणतें जहाज बुडालें, हें विचारावयाचें तर बूर्झ्यांच्या दारासमोर उभें राहावयाचें. हळूहळू चौकाला घराण्याचें नांव पडलें, आणि चौकांतल्या त्या घोळक्यालाहि.

पुढची कथा सर्वश्रुत आहे. झ्विन खाडी गाळानें भरत गेली. १४८८ त ब्रूजच्या नागरिकांनीं हॅप्सबर्ग घराण्याच्या मॅक्सिमिलियनला तीन महिने कैदेंत ठेविलें आणि त्यानें रागानें परदेशी व्यापाऱ्यांस अँटवर्पला जाण्याची आज्ञा केली. व्यापारी गेले, जातांना तें नांव घेऊन गेले. अँटवर्पनें १५३१ त सर्व देशांच्या आणि सर्व भाषांच्या व्यापाऱ्यांसाठीं खास इमारत उभारली आणि तिला 'बूर्स' म्हटलें. लंडनमध्यें ग्रेशमनें बांधलेली इमारत १५७१ त एलिझाबेथ राणीनें 'रॉयल एक्स्चेंज' असें नामकरण करीपर्यंत लोकांच्या तोंडीं 'बर्स'च होती. अ‍ॅम्स्टरडॅमची १६११ ची. जर्मन, फ्रेंच, इटालियन, रशियन ह्या साऱ्या भाषांत शेअरबाजाराला जो शब्द आहे तो ह्याच कुळांतला. तो थेट थैलीवाचक लॅटिन शब्दापासूनच आला असें म्हणणारे पंडितहि आहेत. पण ब्रूजच्या चौकाचा दावा आम्हांस बळकट वाटतो.

ह्या प्रवासांत नांव राहिलें, यजमान मात्र गळाला. अँटवर्पच्या इमारतींत कोणीहि यावें. मग आलेल्याची हमी कोणीं घ्यावी? ती कागदानें घेतली. १५०७ सालीं अँटवर्पच्या न्यायसभेनें कर्जरोखा ज्याच्या हातीं असेल त्यास मूळ धनकोप्रमाणें दावा करण्याचा अधिकार मान्य केला, आणि १५३७ त पांचव्या चार्ल्स बादशहानें तें तत्त्व साऱ्या नेदरलंड्समध्यें लागू केलें. समोरच्या माणसाची ओळख नसली तरी चालूं लागलें. त्याच्या हातांतील रोखा ओळखीचा असला म्हणजे पुरे. जगाचा व्यापार वाढला तो ह्यामुळेंच, आणि त्याबद्दल आम्ही अश्रु ढाळीत नाहीं.

परंतु पांथशाळा मात्र त्या दिवसापासून केवळ निजण्याची जागा झाली. पुढें इंग्लंडांत फिरत्या व्यापाऱ्यांनीं स्वतःच तिची कांहीं भरपाई केली. एकोणिसाव्या शतकांत तेथील मोठ्या पांथशाळांत त्यांच्यासाठीं राखलेलें एक दालन असे. जेवतांना एकजण अध्यक्ष व्हावयाचा, मद्याचा खर्च सर्वांनीं सारखा वांटून घ्यावयाचा, आणि परक्यानें आंत पाऊल टाकावयाचें नाहीं. ट्रॉलपच्या १८६१-६२ तील 'ऑर्ली फार्म' ह्या कादंबरींत एक वकील लीड्स येथील अशा दालनांत घुसतो आणि न प्यालेल्या मद्याचा वांटा देण्याचें नाकारतो; त्यावरून उडालेली चकमक मोठी मौजेची आहे. वाचतांना वकिलाचीच बाजू न्यायाची वाटते. पण ह्याच फिरत्या लोकांच्या व्यवसायबंधूंनीं, प्रवासांत मेलेल्या सोबत्यांच्या पोरक्या मुलांसाठीं, १८४५ त शाळा काढली होती, हें कळल्यावर त्या वांटणीच्या हट्टाचा अर्थ थोडा निराळा दिसूं लागतो. अमेरिकेंत १८९८ च्या सप्टेंबरांत विस्कॉन्सिनमधील बॉस्कोबेल गांवीं हॉटेलांत जागा नाहीं म्हणून दोन फिरत्या विक्रेत्यांना एकाच खोलींत निजावें लागलें. दोघेहि भाविक निघाले, आणि त्या ओळखींतून पुढल्या वर्षीं फिरत्या ख्रिस्ती व्यापाऱ्यांनीं परस्परांस ओळखावें व साह्य करावें म्हणून 'गिडियन' मंडळ निघालें. हॉटेलांच्या खोल्यांत बायबल ठेवण्याचें त्यांचें काम १९०८ पासूनचें. आमच्या खोलीच्या खणांतहि एक प्रत होती.

तिसऱ्या दिवशीं निघतांना हळदीचे ते व्यापारी आम्हांस दाराशीं भेटले. ह्या शहरीं आपण वर्षांतून चार वेळां येतों, असें ते म्हणाले. मग हॉटेल नेहमींचें असेल, असें आम्हीं म्हणतांच ते हंसले. "छे हो! तीस वर्षें आमच्या आडत्याकडेच उतरतों. ह्या खेपेस त्याचें घर पाडून नवी इमारत चालली आहे, म्हणून इकडे आलों. पाहुण्यांची खोली रस्त्याच्या बाजूला ठेव, म्हणून कालच त्याला सांगून आलों." एवढें बोलून त्यांनीं तीं सात कार्डें रुमालांत बांधिलीं आणि ते स्टेशनाकडे निघाले.